धावायचे कोणी, उभे राहायचे कोणी?

अमळनेर–धरणगाव पट्ट्यातील एका गावातून आलेले पत्र :

‘आमच्या गावात सकाळी धावणाऱ्यांचा चौदा जणांचा गट आहे, त्यात आम्ही पाच जणी. मी शिक्षिका आहे, वय ४२. हिवाळ्यात बाहेरगावच्या दोन-तीन शर्यतींना आम्ही मिळून जातो. डिसेंबरात गावातच १० किलोमीटरची दौड भरते आणि तिच्यासाठी वीस स्वयंसेवक आमच्या गटाकडे मागितले जातात. गेली चार वर्षे नावनोंदणी, रेल्वेचे आरक्षण, खोल्या आणि हिशेब माझ्याकडे आहे, आणि गावच्या दौडीत मी पाण्याच्या टेबलावर असते. मार्ग ५ किलोमीटरवरून वळून त्याच रस्त्याने परत येतो. माझे टेबल अडीच किलोमीटरवर. गेल्या वर्षी ४०० धावपटूंसाठी मला २० लिटरचे पाच जार मिळाले आणि शेवटच्या साठ-सत्तर जणांना घोटभर पाणीही देता आले नाही. आमच्याच गटातला एक जण स्वतः धावून, मेडल गळ्यात घालून उभा होता. “नियोजन जमत नसेल तर जबाबदारी घेऊ नये,” असे त्याने सगळ्यांदेखत मला सुनावले. यंदा मला धावायचे आहे. पण “ताई धावल्या तर व्यवस्था कोण बघणार?” असे सगळे म्हणतात. मैत्री टिकावी आणि दौडही नीट पार पडावी, यासाठी मी काय करावे?’

ताई,

यंदा तुम्ही धावा. एवढे उत्तर आधीच देऊन टाकतो, कारण पुढे जे लिहिणार आहे ते तुम्ही धावत असताना टेबलावर कोण असेल आणि त्याच्याजवळ किती जार असतील, याविषयी आहे. एक माणूस धावायला गेला म्हणून जी दौड कोलमडते, तिची व्यवस्था मुळात कोणी लावलेलीच नसते. ती त्या एका माणसाच्या डोक्यावर तोललेली असते, आणि चार वर्षे पडली नाही म्हणून इतरांना ती जमिनीवर उभी आहे असे वाटू लागते. मात्र हा निर्णय डिसेंबर उजाडल्यावर सांगू नका. दौडीच्या निदान आठ आठवडे आधी, सगळे समोरासमोर बसलेले असताना तो सांगा, म्हणजे ‘ताईंनी ऐनवेळी हात वर केले’ असे म्हणायला कोणाला जागा उरणार नाही.

आता गेल्या वर्षीच्या पाण्याचा हिशेब एकदा कागदावर मांडू, कारण तो तुमच्या मनात अजून सलतो आहे असे पत्रावरून दिसते. पाच जार म्हणजे १०० लिटर, आणि ग्लास दीडशे मिलिलिटरचा धरला तर साधारण ६६६ ग्लास. ज्याने पाच जारांचा आकडा ठरवला त्याने ४०० धावपटू, माणशी एक ग्लास आणि वर सांडायला थोडे, असा हिशेब केला असणार, आणि आपण सढळ हाताने पाणी दिले असेही त्याला वाटले असणार. पण तुमचा मार्ग जाऊन परत येणारा आहे. जाताना अडीच किलोमीटरवर असलेले टेबल येताना साडेसात किलोमीटरवरचे टेबल होते. माणसे ४०० असली तरी त्या टेबलासमोरून ८०० वेळा कोणीतरी जाते. प्रत्येकाने जाता-येता एकेकच ग्लास उचलला तरी सव्वाशेहून अधिक ग्लास कमी पडणार होते. जाताना काही जण न थांबता पुढे गेले असतील, म्हणून निदान शेवटच्या साठ-सत्तर जणांपर्यंत तरी पाणी पुरले. म्हणजे जे घडले ते तुमच्या टेबलावर घडले, तुमच्या हातून घडले नाही.

यंदाचा आकडा असा काढा : दर खेपेला सरासरी दीड ग्लास, ८०० खेपा, म्हणजे १२०० ग्लास, म्हणजे १८० लिटर, म्हणजे नऊ जार. सांडलवंड आणि डोक्यावर पाणी ओतून घेणारे यांच्यासाठी त्याचा तिसरा हिस्सा वर धरून बारा जार मागा आणि ही मागणी तोंडी न करता लिहून द्या. जागतिक अ‍ॅथलेटिक्स संघटनेच्या नियमांत साधारण दर पाच किलोमीटरला पाण्याची सोय सांगितली आहे, आणि हवामान पाहून ती त्याहून कमी अंतरावरही ठेवता येते. तुमच्या मार्गावर अडीच किलोमीटरवर एक आणि वळणावर एक अशी दोनच टेबले मांडली तरी जाऊन-येऊन दर अडीच किलोमीटरला पाणी मिळते.

त्या बारांपैकी शेवटच्या दोन जारांवर खडूने खूण करून ठेवायची आणि ते सकाळी साडेसात वाजण्याआधी फोडायचे नाहीत, असे टेबलावरच्या प्रत्येकाला बजावून सांगा. शर्यत साडेसहाला सुटली, तर पहिला धावपटू तुमच्या टेबलाशी ६ वाजून ३९ मिनिटांच्या सुमारास येतो, आणि दोन तासांची मुदत गाठत येणारा शेवटचा माणूस परतीच्या वाटेवर तेथे आठ वाजता पोचतो. पहिल्या माणसाला पाणी मिळते की नाही याची काळजी सगळेच करतात, आणि त्याला बहुधा पाणी नकोच असते. शेवटच्या साठ-सत्तरांत आयुष्यात पहिल्यांदा दहा किलोमीटर पूर्ण करायला निघालेली बाई असते, साठी ओलांडलेले एखादे काका असतात, गुडघा धरून चालणारा एखादा पोरगा असतो; ‘पानी शे का, ताई?’ असे विचारणाऱ्या अशा माणसाला रिकामा जार दाखवण्याची पाळी ज्याच्यावर आली आहे, त्याला खडूच्या खुणेचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही.

टेबलाविषयी आणखी थोडे, कारण हे काम वाटते तितके सोपे नसते. ग्लास काठोकाठ भरू नयेत; दोन-तृतीयांश भरावेत, आणि ग्लासांच्या एका थरावर पुठ्ठा ठेवून त्यावर दुसरा थर मांडावा, म्हणजे पहिला घोळका येण्यापूर्वी दोन-अडीचशे ग्लास तयार राहतात. प्लास्टिकचे ग्लास आणू नयेत. महाराष्ट्रात २०१८ पासून आणि देशभर १ जुलै २०२२ पासून त्यांवर बंदी आहे, तरी दर वर्षी कोणीतरी ‘स्वस्तात मिळाले’ म्हणून गोणी भरून घेऊन येतोच. पाणी देणाऱ्याने ग्लास वरच्या कडेने बोटांच्या टोकांत धरून हात लांब करावा, म्हणजे धावणाऱ्याला तो खालून सहज उचलता येतो. कचऱ्याची पिंपे टेबलाशेजारी ठेवून काही उपयोग होत नाही. पाणी पिऊन संपते तेथे, म्हणजे तीस आणि साठ पावलांवर, ती हवीत.

आता तुम्ही पत्रात स्पष्ट लिहिले नाही, पण ओळींमधून मला जे दिसले ते लिहितो. चौदा जणांत पाच बाया आहेत, आणि चार वर्षे पाण्याच्या टेबलावर बाईच आहे. उरलेल्या चौघी कोठे होत्या याचा उल्लेख पत्रात नाही; त्याही टेबलावर किंवा केळी कापायला होत्या असे निघाले तर मला नवल वाटणार नाही. आपल्याकडे पाहुण्याला पाणी कोणी द्यायचे हे घरात ज्या रीतीने ठरते त्याच रीतीने ते रस्त्यावरही ठरते, आणि चौफुलीवर शिट्टी घेऊन उभे राहणे, मार्ग मोजणे, पोलिसांशी बोलणे ही कामे आपोआप पुरुषांकडे जातात. हे कोणी ठरवून करत नाही, म्हणूनच ते बदलत नाही. यंदा कामांची वाटणी करताना एखाद्या बाईला मार्गप्रमुख करा आणि ज्या गृहस्थांनी तुम्हाला नियोजन शिकवले, त्यांना पाण्याचे टेबल द्या. हे मी सूड म्हणून सुचवत नाही (थोडासा असेल, पण मुख्य कारण ते नव्हे). बारा जार ट्रॅक्टरमधून उतरवून घ्यायला आणि ऐन गर्दीत नळ उघडा ठेवून ग्लास भरायला दणकट माणूस लागतो.

वाटणी कशी करायची, हे सांगण्यासाठी मला शहरी व्यवस्थापनाचे शब्द लागत नाहीत. आपल्याकडे सावड आहे. आज चार घरची माणसे एकाच्या शेतात कापूस वेचायला जातात, परवा तो त्यांच्या शेतात जातो, आणि कोणाची किती पाळी फिटायची राहिली आहे हे कोणी लिहून ठेवले नाही तरी साऱ्या गल्लीला माहीत असते. सावड बुडवणारा माणूस पुढच्या हंगामात एकटा पडतो, म्हणून सहसा कोणी ती बुडवत नाही. तुमच्या गटात चार वर्षे चालले आहे ते सावड नव्हे, ती वेठ आहे. फक्त ती गोड शब्दांत चालली आहे. चौदा जणांपैकी सात जण यंदा धावतील आणि सात जण उभे राहतील, पुढच्या वर्षी उलट होईल, आणि तुमच्या चार वर्षांच्या जुन्या पाळ्या जमेस धरून तुम्ही पुढच्या वर्षीही धावलात तर कोणी भुवया उंचावणार नाही. वीसांतली उरलेली तेरा माणसे बाहेरून आणा. महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेची मुले असतात, पालक असतात, आणि सर्वांत चांगली मदत शेजारच्या गावच्या धावपटूंची असते. चोपड्याच्या, पारोळ्याच्या किंवा धरणगावच्या ओळखीच्या गटाला सांगा की तुम्ही आमच्या दौडीत उभे राहा, तुमच्याकडे काही असेल तेव्हा आम्ही येऊ. धावणाऱ्याला धावणाऱ्याची तहान कळते, त्यामुळे अशा माणसाला फार काही शिकवावे लागत नाही.

ही वाटणी व्हॉट्सअ‍ॅपवर करू नका. तेथे आलेला अंगठा म्हणजे होकार नव्हे. ‘वाचले’ यापलीकडे त्याचा अर्थ नसतो. एका रविवारी धावून झाल्यावर चहाच्या टपरीवर बसा, वहीत एका बाजूला जागा आणि वेळ लिहा, दुसऱ्या बाजूला ज्याचे त्याने स्वतःच्या हाताने नाव लिहावे. नावासमोर चार गोष्टी असाव्यात : किती वाजता पोचायचे, नेमके कोठे उभे राहायचे, अडचण आल्यास कोणाला फोन करायचा आणि जागा केव्हा सोडायची. ही चौथी गोष्ट लोक हमखास विसरतात. शेवटचा धावपटू आणि त्याच्यामागचे वाहन पुढे गेल्याशिवाय जागा सोडायची नाही, हे लिहिलेलेच असावे.

हे मी अनुभवाने सांगतो आहे आणि तो अनुभव मला शोभा देणारा नाही. पुष्कळ वर्षांपूर्वी एका दौडीत मला एका चौफुलीवर उभे केले होते. पहाटेची थंडी होती, पहिले वीस-पंचवीस जण गेल्यावर रस्ता रिकामा झाला, आणि समोरच्या टपरीवर स्टोव्ह पेटलेला दिसला. मी गेलो. ग्लास हातात येईपर्यंत पाच मिनिटे झाली असतील, तेवढ्यात अकरा जणांचा घोळका डावीकडे वळण्याऐवजी सरळ निघून गेला. ते दीड किलोमीटरवरून परत आले. त्यांत एक शाळकरी पोरगा होता, अंगावर शाळेच्या खेळाची बनियन, पायात कॅनव्हासचे बूट. बाकीचे मला जे बोलायचे ते बोलले. तो फक्त थांबला आणि म्हणाला, ‘सर, कुठे वळायचं होतं?’ मी हात दाखवला, आणि तो पुन्हा पळायला लागला. चौफुलीवरच्या माणसाने वळणाच्या आधी, धावपटूच्या नजरेसमोर उभे राहावे, बोटाने नव्हे तर पूर्ण हात लांब करून दिशा दाखवावी, आणि चहा थर्मासमध्ये घरून आणावा, असे मी तेव्हापासून प्रत्येकाला सांगतो. वाहने अडवण्याचा अधिकार मात्र स्वयंसेवकाला नसतो. तो पोलिसांना असतो, म्हणून मोठ्या रस्त्यावरच्या प्रत्येक फाट्यावर पोलीस किंवा गृहरक्षक दलाचा जवान असेल हे आयोजकांकडून आधी वदवून घ्या. डिसेंबरात आपल्याकडे सूर्य सातच्या सुमारास वर येतो, आणि त्या अंधुक उजेडात कापसाच्या ट्रॉल्या मागचा दिवा न लावता धावत असतात. चमकणाऱ्या पट्ट्यांची जाकिटे प्रत्येक स्वयंसेवकाच्या अंगावर हवीत.

उभे राहणाऱ्या सात जणांना आपला हंगाम बुडाला असे वाटू नये, यासाठी एक रीत आहे, आणि तुमच्या गटाला तिचा फार उपयोग होईल. दौडीच्या आधीच्या रविवारी, त्याच वेळी, त्याच मार्गावर सातही जणांनी पूर्ण १० किलोमीटर वेळ लावून धावावे. दौडीत धावणारे सात जण त्या दिवशी टेबलावर आणि चौफुल्यांवर उभे राहतील. स्वयंसेवकांना त्यांची वेळ मिळते, गटाच्या वहीत ती दौडीच्या वेळेइतक्याच मानाने लिहायची. आणि खड्डा कोठे आहे, कोणत्या गोठ्याजवळ कुत्री अंगावर येतात, कोणत्या वळणावर माणूस गोंधळतो, हे सगळे आठवडाभर आधी कळते. शिवाय धावणाऱ्या सात जणांनी एकदा तरी तासभर थंडीत ग्लास धरून उभे राहिलेले असते, त्यामुळे दौडीच्या दिवशी त्यांची जीभ आपोआप जपून चालते.

धावणे आणि उभे राहणे यांत उच्चनीच मानणाऱ्यांना एक गोष्ट सांगावीशी वाटते. दर शनिवारी सकाळी ५ किलोमीटरची ‘पार्करन’ आज जगातल्या वीसहून अधिक देशांत भरते, तिला प्रवेशमूल्य नाही आणि तिची सगळी व्यवस्था स्वयंसेवक करतात. ती सुरू झाली २ ऑक्टोबर २००४ रोजी लंडनच्या बुशी पार्कमध्ये, आणि त्या दिवशी धावणारे तेरा आणि मदतीला पाच माणसे होती. ती सुरू करणारे पॉल सिंटन-ह्यूइट त्या वेळी दुखापतीमुळे स्वतः धावू शकत नव्हते. धावणाऱ्या मित्रांची गाठभेट सुटू नये म्हणून त्यांनी घड्याळ हातात घेतले. तुमच्या गटातही यंदा कोणाची टाच दुखत असेल, कोणाच्या गुडघ्याला डॉक्टरांनी विश्रांती सांगितली असेल. असा माणूस घरी बसला की हळूहळू गटातून गळतो. त्याला वेळ नोंदवण्याचे किंवा मार्ग मोजण्याचे काम द्या.

मार्ग मोजण्याचा विषय निघालाच आहे तर सांगतो, की मनगटावरच्या घड्याळाने मार्ग ठरवू नये. उपग्रहावर चालणारी घड्याळे झाडांखाली आणि वळणांवर चुकतात, आणि मग ‘९.७ भरले’, ‘१०.२ भरले’ असे वाद दुपारपर्यंत चालतात. सायकलच्या चाकाचे फेरे मोजणारी पद्धत जगभर मान्य आहे : पोलादी टेपने सरळ रस्त्यावर ३०० मीटर अंतर आखायचे, त्यावर चाकाचे किती फेरे होतात ते पाहायचे, आणि मग धावपटू जी सर्वांत जवळची रेषा घेईल त्या रेषेने सायकल न्यायची. मार्ग कमी भरू नये म्हणून किलोमीटरमागे एक मीटर जास्त धरतात, म्हणजे तुमची दौड १०,०१० मीटरची. मार्ग बदलण्याचे कोणी सुचवले, तर भुसावळ–सुरत मार्गावरचे रेल्वे फाटक कोणत्याही परिस्थितीत मध्ये येऊ देऊ नका; मालगाडी कोणाच्या टायमिंगसाठी थांबत नाही, आणि बंद फाटकाखालून वाकून जाणारा उत्साही माणूस प्रत्येक शर्यतीत एक तरी असतो.

आयोजकांना तुमच्या गटाने आणखी दोन गोष्टी स्पष्ट विचाराव्यात. पहिली वैद्यकीय मदतीची. रुग्णवाहिका कोठे उभी असेल, आणि माणूस कोसळला तर पहिली दोन मिनिटे कोण काय करेल? हृदय बंद पडलेल्या माणसाच्या छातीवर मिनिटाला १०० ते १२० या वेगाने, पाच ते सहा सेंटिमीटर खोल दाब द्यावे लागतात, आणि मदतीला उशीर झालेल्या प्रत्येक मिनिटागणिक वाचण्याची शक्यता घटत जाते. गावातल्या एखाद्या डॉक्टरांना विनंती करून वीसही जणांना हे पुतळ्यावर एकदा करून पाहायला लावा. १०८ ला फोन करणाऱ्याला आपण कितव्या किलोमीटरवर आहोत हे सांगता आले पाहिजे, म्हणून विजेच्या खांबांवर दर अर्ध्या किलोमीटरला आकडा चिकटवा. दुसरी गोष्ट ध्वनिक्षेपकाची. सन २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही, आणि तरीही साडेपाचपासून झुंबाची गाणी लावल्याशिवाय अंग मोकळे होत नाही अशी आपल्याकडच्या आयोजकांची समजूत आहे. परवानगीचा अर्ज घेऊन पोलिसांकडे तुमचा गट जाणार असेल, तर हे आधीच मिटवलेले बरे.

केळ्यांविषयी तुम्ही लिहिले नाही, पण जळगाव जिल्ह्यातली दौड म्हटल्यावर केळी येणारच. २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालेल्या केळीचा हा मुलूख आहे, आणि तरी मी आपल्याच शर्यतींत कच्ची, तोंडाला मिठी बसवणारी केळी खाल्ली आहेत. रावेर-यावलकडून हिरवा माल निघतो तो पिकवण केंद्रात चार-पाच दिवस घेतो, म्हणून रविवारच्या दौडीसाठी आदल्या सोमवारी-मंगळवारी सांगितले नाही तर शनिवारी संध्याकाळी जे हाती लागेल ते घ्यावे लागते. देठाशी थोडी हिरवट छटा असलेली केळी मागा. पूर्ण पिवळी घेतली तर नऊपर्यंत ती मऊ पडतात. अर्धे केळे सालीसकट कापून द्यावे आणि ते फक्त शेवटच्या रेषेपलीकडे द्यावे, कारण रस्त्यावर पडलेल्या सालीवरून घसरणे विनोदात बरे असते. आणि स्वयंसेवकांचे पोहे वेगळ्या पातेल्यात, वेगळ्या माणसाच्या ताब्यात, झाकून ठेवलेले असावेत. पहाटे पाचला घराबाहेर पडलेली माणसे नऊला परत येतात तेव्हा पातेल्याच्या तळाशी चार शेंगदाणे उरलेले असतात, आणि पुढच्या वर्षी ती का येत नाहीत याचा शोध मग बैठकीत घेतला जातो.

बाहेरगावच्या शर्यतींचे काम तुलनेने सोपे आहे, कारण ते तोडून देता येते. नावनोंदणी एकाकडे, प्रवास आणि खोल्या दुसऱ्याकडे, पैसे तिसऱ्याकडे, आणि पैसे आधी जमा झाल्याशिवाय कोणाचेही नाव भरायचे नाही. गेल्या चार वर्षांत तुमच्या खिशातून गेलेले आणि मागायला संकोच वाटलेले आकडे तुम्हाला तोंडपाठ असतील. संपूर्ण गटाने सगळ्याच शर्यती करण्याचा आग्रह सोडा. प्रत्येकाने हंगामात एक शर्यत जीव लावून करावी, बाकीच्या मैत्रीखातर. धावपटूंमध्ये जुना ठोकताळा आहे, की शर्यतीच्या दर मैलामागे एक दिवस शरीराला सावरायला द्यावा, म्हणजे १० किलोमीटरनंतर सहा-सात दिवस आणि हाफ मॅरेथॉननंतर जवळजवळ दोन आठवडे. जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारी मुंबईला जाणारे कोणी असतील, तर त्यांना सांगा की आपल्या कोरड्या थंडीत सराव करून गेलेल्या माणसाला तेथील दमट हवेत घाम वाळत नाही, आणि पहिले पाच किलोमीटर नेहमीपेक्षा सावकाश गेलेले बरे.

राहिले ते गृहस्थ. त्यांच्याशी सगळ्यांसमोर बोलू नका. त्यांनी जी चूक केली ती तुम्ही करायचे कारण नाही. एकदा सरावाच्या वेळी त्यांच्या बरोबरीने धावा, आणि सोपी गती असताना जारांचा हिशेब त्यांना सांगा : ४०० माणसे, ८०० खेपा, ६६६ ग्लास. धावताना माणूस वाद घालत नाही, श्वास पुरत नाही. त्यांनी चूक मानली तर उत्तम; न मानता ‘असं होय’ एवढेच म्हणाले, तरी ते मानल्यासारखेच धरा आणि टेबलाच्या रकान्यात नाव लिहायला वही पुढे करा. मात्र त्यांनी ती वही हातात घ्यायला नकार दिला, तर त्यांच्याशी मैत्री ठेवावी, पण त्यांच्या वाटणीचे काम आपल्या अंगावर घेऊ नये.

तुमची जुनी वही, ज्यात मंडपवाल्याचा, जारवाल्याचा आणि ट्रॅक्टरवाल्याचा नंबर असेल, ती नव्या प्रमुखाकडे दौडीच्या महिनाभर आधी द्या, आणि त्यानंतर त्यांनी विचारल्याशिवाय काही सुचवू नका. हे तुम्हाला दहा किलोमीटरपेक्षा जड जाईल. दौडीच्या दिवशी साडेसात किलोमीटरवर ग्लास घेताना टेबलाखाली किती जार उरले आहेत हे मोजायला थांबू नका. नावनोंदणी सुरू झाली की पहिल्याच आठवड्यात स्वतःचे नाव स्वतः भरा, आणि टी-शर्ट एक माप मोठा मागा. या शर्यतींचे टी-शर्ट नेहमीच लहान निघतात, आणि ते बदलून देण्याचे काम यंदा तुमच्याकडे नाही.